डोळ्यांत औषध घालताना या चुका टाळा

‘एक थेंब सांगितलाय, पण दोन घातले तर लवकर गुण येईल.’ ही चूक सर्वांत जास्त दिसते. खालची पापणी ओढल्यावर जी खोबण तयार होते, तिच्यात जेमतेम 30 मायक्रोलिटर द्रव मावतो. बाटलीतून पडणारा एक थेंबच 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे पहिल्याच थेंबातला काही भाग बाहेर येतो, दुसरा तर सरळ गालावर ओघळतो. शिवाय जाताना पहिल्यालाही धुऊन नेतो.

दुसरी चूक थेंब पडल्यानंतरची: डोळे मिचकावणे. प्रत्येक मिचकावण्यासरशी औषध डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून नाकात आणि पुढे घशात उतरतं. घशात कडू लागतं ते यामुळेच. हे नुसतं वाया जाणं नव्हे. काचबिंदूसाठी दिलेलं टिमोलॉल या वाटेने रक्तात मिसळलं, तर नाडी मंदावू शकते, दमेकऱ्याला धाप लागू शकते. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. थेंब पडला की डोळा अलगद मिटा, घट्ट नको, आणि नाकालगतचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलकेच दाबून ठेवा. इतकी साधी गोष्ट, पण ती फार थोडे लोक करतात याचं वाईट वाटतं.

दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. मलम नेहमी शेवटी. त्याच्या तेलकट थरावर थेंब टिकत नाही. मलम डोळ्यात जास्त वेळ राहतं खरं, पण नजर धूसर करतं, म्हणून लावल्यावर लगेच गाडी चालवू नका. जेलनेही थोडा वेळ अंधुक दिसतं. दुधाळ दिसणारे थेंब न हलवता घातले तर औषध तळाशीच राहतं.

हात थरथरतो, मूल डोळा उघडत नाही? उताणं झोपवा, मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब सोडा आणि मग डोळा उघडायला सांगा. औषध आपोआप आत जातं.

बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा, पंधरा मिनिटांनी परत घाला. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. बहुतेक थेंब उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात, बाटलीत औषध उरलेलं असलं तरी.