कोकण किनाऱ्याने शिडाची बोट नेताय? वेळ सांभाळा
एप्रिल-मेमध्ये दोघं-तिघंच मिळून मुंबईहून खाली कोकणात सेलिंग करत जायचं असेल तर पहाटेच नांगर उचला, तेव्हा जमिनीवरून येणारा मतलई वारा हलका असतो, पाणीही शांत आणि निवांत चहा घेत जाता येतं. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा चांगलाच चढतो, त्याआधीच मोठं शीड थोडं आखडून घ्या, कारण वारा भरल्यावर दोन माणसांना ते जाम जड जातं! खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात म्हणून भरती चढत असतानाच आत शिरा. रात्री मात्र अजिबात चालवू नका, मासेमारीच्या जाळ्यांचे बोये (पाण्यावर तरंगणारे खुणेचे गोळे) अंधारात दिसत नाहीत आणि त्यांचा दोर बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात अडकतो. येताना तोच वारा समोरून, त्यामुळे परतीला जास्त दिवस ठेवा.