सप्रेसर चढवला की नेम पुन्हा तपासा

न्यूझीलंडमध्ये मार्चअखेर ते एप्रिल म्हणजे लाल हरणांच्या नरांचा डरकाळ्यांचा हंगाम. हे हरीण तिथलं मूळचं नाही, जंगल ओरबाडतं, म्हणून त्याची शिकार कायदेशीर आहे. रायफलवर सप्रेसरही, म्हणजे नळीच्या टोकाला आट्यांनी बसवायचं आवाज कमी करणारं नळकांडं, सर्रास दिसतो. (भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे, हे वेगळं सांगायला नको.)

नवे शिकारी इथेच चुकतात: बिनसप्रेसरचा नेम लावतात आणि डोंगरावर गेल्यावर सप्रेसर बसवतात. नळीच्या टोकाला वजन आलं की गोळी पडण्याची जागा सरकते, कधी चार बोटं खाली, कधी बाजूला. हरीण मोठं असलं तरी हृदय-फुफ्फुसांची जागा लहानच. जनावर जखमी होऊन झाडीत गेलं तर त्याचे हाल होतात. म्हणून सप्रेसर चढवूनच १०० मीटरवर तीन गोळ्या झाडा, दुर्बीण जुळवा आणि मग शिकार संपेपर्यंत सप्रेसर काढू नका. मधून मधून रायफल रिकामी करून, बोल्ट (गोळी आत सरकवणारा मागचा भाग) उघडा ठेवून सप्रेसरचे आटे सैल झालेत का ते हातानं पाहा. नुकत्याच झाडलेल्या सप्रेसरला मात्र हात लावू नका, चांगलाच भाजतो.

आवाज साधारण २० ते ३० डेसिबलनं कमी होतो, नाहीसा होत नाही. ध्वनीहून वेगवान गोळीचा कडाका राहतोच. कानात बोळे घालाच.

घरी आल्यावर सप्रेसर काढून वाळवा. आत साठलेली ओल आणि काजळी नळीचं तोंड गंजवते.