जुन्या गुन्ह्यांच्या आधारे शिक्षा झाली? अपील करताना या चुका टाळा

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर शिक्षा झालेल्या मुलाची आई निकालाची झेरॉक्स छातीशी धरून म्हणते, "वकीलसाहेब, जुन्या केसेस उकरल्या म्हणून पोराला आत टाकलं." पुष्कळदा त्या माउलीचं म्हणणं खरं असतं. पण अपील मेमोत (अपिलाच्या लेखी अर्जात) नेमकं एवढंच लिहिलं जातं, आणि तिथेच घात होतो.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४९ नुसार (जुन्या पुरावा कायद्यातलं ५४) आरोपीचं आधीचं वाईट वर्तन पुरावा म्हणून चालत नाही. मात्र कलम १६९ ही विसरू नका. चुकीचा पुरावा वाचला गेला तरी तो वगळून उरलेला पुरेसा असेल, तर शिक्षा कायम राहते. म्हणून 'अन्याय झाला' एवढ्यावर थांबू नका, निकालात चूक नेमकी कुठे झाली ती जागा दाखवा. माझ्याकडच्या एका घरफोडीच्या प्रकरणात तपासी अंमलदार सरतपासणीत (सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना) म्हणाला होता, "आरोपीवर असेच दोन गुन्हे दाखल आहेत." कुणी हरकत घेतली नाही. निकालात त्याचंच 'आरोपी सराईत दिसतो' झालं. अपिलात आम्ही ही दोन्ही वाक्यं समोरासमोर ठेवली आणि पुढे दाखवलं, की ती काढली तर उरतो फक्त अंधारात चेहरा पाहिल्याचं सांगणारा एक साक्षीदार. आणि दाखल गुन्हा म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हेही ठासून लिहा.

दुसरी चूक खटल्यातच होते. 'माझा अशील सज्जन आहे' असा पुरावा बचाव पक्षाने दिला, की उत्तरादाखल सरकारी वकिलांना जुना इतिहास काढता येतो. कलम १३ चा अपवादही तपासा: विम्याच्या पैशासाठी घर पेटवल्याचा आरोप आहे आणि त्याच माणसाची आधीची विमा उतरवलेली घरंही अशीच जळली होती, तर आग अपघाती नव्हती हे दाखवायला त्या घटना चालतात.

मुदतीत घोळ नको. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात ३० दिवस, सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात ६०. फाशी असेल तर ३०च. नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, तरी नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका. अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज हवाच, नुसत्या अपिलाने सुटका होत नाही. तुरुंगात असलेल्याला अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येतं, आणि मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.