‘मटेरियल’ म्हणजे स्टोअर नव्हे

एम.एस्सी. झाल्यावरची माझी पहिली मुलाखत तुर्भ्याला होती. साहेबांनी बायोडेटा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “मटेरियल ना? स्टोअरमध्ये एक जागा आहे बघा.” शाश्वत पदार्थविज्ञान (सस्टेनेबल मटेरियल्स सायन्स, म्हणजे पर्यावरणाला झेपतील अशा साहित्याचा अभ्यास) शिकलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. या पदवीच्या नावाची नोकरी शोधत बसू नका; जाहिरातीत क्यूसी (दर्जा तपासणी), आर अँड डी (संशोधन), पॅकेजिंग, ईएसजी (कंपनीची पर्यावरण-समाजाची जबाबदारी) असं काहीतरी लिहिलेलं असतं.

मला काम मिळालं रबाळ्यात, पॅकेजिंगच्या प्रयोगशाळेत. डोंबिवलीहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर लोकल. काम ऐकायला साधं: पुनर्वापराचे, म्हणजे जुनं प्लास्टिक दळून केलेले दाणे तपासायचे. पण प्रत्येक गोणी निराळी निघते! एचडीपीई, म्हणजे बाटल्यांचं प्लास्टिक, १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. डीएससीच्या (नमुना तापवत तो कधी वितळतो ते दाखवणाऱ्या यंत्राच्या) आलेखात १६० जवळ आणखी एक टेकडी दिसली की ओळखायचं, बाटलीबरोबर पीपीची (पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकची) झाकणंही दळली गेली आहेत. हे मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं, दाणे आणून देणाऱ्या भंगारवाल्या काकांनी सांगितलं. ते तर नुसता तुकडा जाळून वासावरून प्लास्टिक ओळखायचे. (तुम्ही हे करू नका, धूर वाईट असतो.)

या कामाला मागणी आली ती नियमांमुळे. २०२२च्या ईपीआर (उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) नियमांनी उत्पादकांवर प्लास्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आणि २०२५-२६पासून कडक पॅकेजिंगमध्ये ३० टक्के पुनर्वापराचं प्लास्टिक वापरण्याचं लक्ष्य ठेवलं. त्यामुळे गोणी नापास करणारा माणूस कंपनीला लागतोच. खरेदी खात्याशी भांडणं होतात, तो पगाराचाच भाग समजा.

‘कंपोस्टेबल’, म्हणजे कुजून खत होणाऱ्या मालाचं मात्र जपून. मी हौसेनं पीएलएचा (मक्यासारख्या पिकांपासून केलेल्या प्लास्टिकचा) कप कुंडीत पुरला होता. सहा महिन्यांनी काढला तर धुऊन चहा प्यावा इतका धड! प्रमाणित चाचणी ५८ अंशांच्या आसपास होते, आपल्या बाल्कनीत तेवढी ऊब कुठली? मुलाखतीत हा फरक सांगता आला तर समोरचा कान टवकारतो.

दुसरी वाट हिशेबाची. वस्तूच्या जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा पर्यावरणीय ताळेबंद, म्हणजे एलसीए. युरोपचा सीबॅम, म्हणजे आयात मालावरचा कार्बन-कर, १ जानेवारी २०२६पासून पूर्ण लागू झाल्याने पोलाद-ॲल्युमिनियम निर्यात करणाऱ्यांना कार्बनचे आकडे द्यावे लागतात. ओपनएलसीए हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकत असतानाच हात बसवा. एसी ऑफिस असतं, पण मला आठवड्यातच कंटाळा आला.

संशोधनाची ओढ असेल तर पवईची आयआयटी आहे, माटुंग्याला आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) आणि कापसावर काम करणारं सिरकॉट आहे. तिथे पीएच.डी. किंवा प्रकल्प सहायकाच्या जागा निघतात. पगार बेताचा, यंत्रं मात्र उत्तम. प्रबंधाचा विषय अजून ठरायचा असेल, तर एखाद्या कारखान्याचा अडलेला प्रश्न मागून घ्या. माझ्या बायोडेट्यात रबाळ्याच्या साहेबांनी अशाच प्रबंधाचं तेवढं एकच पान वाचलं होतं.