बिअर्डी हातावर येत नाही? या चुका टाळा

बेअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळणाऱ्यांच्या तोंडी बिअर्डी, हा मूळ ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला सरडा. पाळीव सरड्यांत तो सगळ्यांत मवाळ समजला जातो. तरीही तीन-चार महिन्यांच्या आतलं पिल्लू हात दिसताच सुसाट पळतं. मोठा सरडासुद्धा नव्या घरी आला की अंग चपटं करून दाढी (गळ्याखालची काटेरी कातडी) काळी करतो. यात वावगं काही नाही. बहुतेकांचं गणित चुकतं ते वेगळ्याच ठिकाणी: सरडा निपचित बसला की तो माणसाळला असं धरून चालतात. सरडा तीन कारणांनी गप्प बसतो. एकतर तो गार पडलेला असतो, नाहीतर घाबरून थिजलेला असतो, नाहीतर खरोखर निवांत असतो. तिसरं कारण ओळखता आलं की पुढचं सोपं जातं.

निवांत सरड्याचे डोळे उघडे असतात, तो मान वळवून इकडेतिकडे पाहतो, जीभ काढून तुमचा हात चाटतो, दाढी अंगाच्याच रंगाची राहते. थिजलेला सरडा डोळे गच्च मिटतो, पोट चपटं करून हाताला चिकटतो, आणि पोटावर काळपट ठिपके-रेषा उमटतात. "बघा, कसा गाढ झोपलाय हातावर" असं कुणी म्हणालं की आधी त्याची दाढी बघा.

सगळ्यांत मोठी चूक: गार सरड्याला हात लावणं

याच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश, काचपेटीचं थंड टोक २४ ते २८ अंश आणि रात्री १८ च्या खाली नाही, असं हवं. पेटी मोठ्या सरड्याला निदान चार बाय दोन फुटांची. तापमान मोजायला कोविडात घेतलेली, कपाळावर धरायची गन उपयोगाची नाही. ती माणसाच्या शरीराचा हिशेब लावून आकडा दाखवते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी औद्योगिक गन घ्या.

मराठवाड्यात हे गणित वर्षातून दोनदा फिरतं. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा एक आकडी होतो. त्यात पहाटे लाईट गेली की सरडा सकाळी दगडासारखा पडून असतो. तेव्हा उचललं तर तो विरोध करत नाही, कारण करूच शकत नाही. दिवा लागल्यावर किमान दोन तास जाऊ द्या, मगच हात लावा. एप्रिल-मेमध्ये उलटं. खोलीच ४० च्या घरात गेली तर थंड टोक उरतच नाही, आणि तापलेला सरडा चिडचिडा होतो. दिवा थर्मोस्टॅटवर (तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणाऱ्या यंत्रावर) ठेवा, भर दुपारी बंद करा. कूलर लावलात तर त्याचा झोत पेटीवर नको. गार वारा लागतोच, शिवाय दमटपणा वाढतो, आणि याला हवेत ३०-४० टक्केच आर्द्रता मानवते.

वरून हात घालणं

डोक्याच्या मध्यभागी याला तिसरा डोळा असतो. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड-सावली कळते. रानात वरून येणारी सावली म्हणजे शिकारी पक्षी. वरून झाकण उघडणाऱ्या पेटीत तुम्ही रोज घारीसारखेच येता. पुढून उघडणारी पेटी घ्या आणि ती जमिनीवर न ठेवता टेबलावर, कमरेच्या उंचीला ठेवा. निम्मं भय तिथेच संपतं.

पहिल्याच दिवशी घरभर फिरवणं

नवा सरडा आला की शेजारची पोरं जमतात, फोटो होतात. हे टाळा. पहिले ७ ते १४ दिवस फक्त खाणं, पाणी, सफाई. तो नेमाने खाऊ लागला की सुरुवात करा, तीही सकाळी, दिव्याखाली बसून झाल्यावर.

आधी तळहात पेटीच्या तळाशी उताणा ठेवून १० मिनिटं नुसतं बसा. बोटं हलवू नका. तीन-चार दिवसांनी त्याच हातावर खाऊ ठेवा: मीलवर्म (एका भुंगेऱ्याची अळी), रातकिडा किंवा जास्वंदीची पाकळी. तो हातावर चढून खाऊ लागला की बोटाने हनुवटीच्या बाजूने हलकेच कुरवाळा. हे जमलं की समोरून किंवा बाजूने हात सरकवत छातीखाली न्या आणि चारही पाय टेकतील असं उचला. शेपूट धरू नका. पालीसारखी ती सहज सुटत नाही, पण तुटली तर परत येत नाही.

पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं पुरे. तेही जमिनीवर बसून, खिडक्या-दारं लावून आणि मुख्य म्हणजे छताचा पंखा बंद करून. पुढे १५ मिनिटांपर्यंत न्या. त्याहून जास्त वेळ बाहेर राहिला तर अंग गार पडतं. पोटभर खाल्ल्यावर तास-दोन तास उचलू नका.

वळवळला की लगेच परत ठेवणं

हे फार सूक्ष्म आहे. वळवळलं की सुटका होते, असं तो शिकतो. एका हातावरून दुसऱ्या हातावर चालू द्या, क्षणभर थांबला की तेव्हा पेटीत ठेवा. मात्र काळी दाढी आणि वासलेला जबडा दोन्ही दिसले तर हट्ट सोडा. (दिव्याखाली बसून नुसतं तोंड उघडलं तर ते ऊन जास्त झाल्याचं लक्षण, राग नव्हे.)

हातातून निसटला तर पाठलाग करू नका. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पण घरात कुंपण म्हणजे फ्रिजची मागची बाजू. दिवे बंद करा. हा दिवसाचा प्राणी, अंधारात गप्प होतो. मग टॉवेल टाकून अलगद उचला.

आधी येत होता, आता येत नाही

कात टाकतोय का बघा, त्या दिवसांत अंगाला हात नको. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसतं का? तसं असेल तर तीन बाजूंना बाहेरून कागद लावा. मादी नर नसतानाही अंडी घालते, तेव्हा ती बेचैन होऊन खणू लागते. दोन सरडे एकत्र असतील तर वेगळे करा. पाय थरथरत असतील, जबडा मऊ लागत असेल तर हाडं कमजोर झालीत आणि उचललं की त्याला दुखतं. हाडांसाठी लागणारे यूव्हीबी (अतिनील) किरण देणारी ट्यूब नुसता उजेड देत असली तरी वर्षभरात तिचा उपयोगी भाग संपतो. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करता येईल, पण निघण्याआधी सरपटणारे प्राणी तपासतात का हे फोनवर विचारून घ्या.

खाऊची लाच देताना शेतातले टोळ-नाकतोडे पकडून आणू नका, कापूस-सोयाबीनवर फवारलेलं औषध त्यांच्या पोटात असतं. काजवा तर एकही नको, तो याला विषारी आहे. सरड्याला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा, कारण याच्या विष्ठेतून साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू पसरतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याला सोडायचं नाही. आणि रानातली घोरपड धरून असलं काही करायचं मनात असेल तर ते इथेच सोडा: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे आणि ती पाळणं हा गुन्हा आहे.