गरब्याच्या गिरकीतही न सुटणारी पिन: पितळी तारेतून घरी कशी वळावी

नवरात्राची तिसरी रात्र होती. भाची आतल्या वर्तुळात खेळत होती आणि मी बाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसले होते. दोढिया या गरब्याच्या चालीतल्या एका गिरकीत तिच्या खांद्यावरची ओढणी सुटली आणि ती धावत बाहेर आली. “आत्या, पिन पडली गं. आत सगळे अनवाणी आहेत.” ओढणीला भोक पडून वर बोटभर फाटलं होतं, त्याची तिला फिकीर नव्हती. वडोदऱ्यात गरबा अनवाणी खेळायची रीत आहे. मातीत पडलेली उघडी पिन कुणाच्या तरी तळव्यात जाणार, ही तिची भीती होती. मोबाइलच्या उजेडात आम्ही शोधली, पण हजारो पावलांखाली ती कुठली सापडायला!

दुसऱ्या दिवशी त्याच पाकिटातल्या उरलेल्या पिना मी एकेक करून तपासल्या. दाबली की दबलेलीच राहायची, तारेत परत उसळी नव्हती. टोपीचा पत्रा इतका पातळ होता की नखाने वाकत होता. तेव्हापासून घरातल्या मोठ्या कापडांसाठी, म्हणजे ओढणी, पदर, शाल यांच्यासाठी, मी पिना स्वतः वळते. एका पिनेला तासभर लागतो, हात बसला की अर्धा तास. बाजारातल्या चांगल्या पिनाही असतात, पण स्वतः एक वळली की पिन नेमकी कशाच्या जोरावर धरते ते बोटांना कळतं. मग पाकिटातली बरी-वाईट पिनही ओळखता येते.

तार कोणती घ्यावी

सगळा खेळ इथे आहे. हार्डवेअरच्या दुकानात नुसती “तार द्या” म्हटलं तर सळया बांधायची काळी बाइंडिंग वायर हातात पडते. ती मुद्दाम तापवून मऊ केलेली असते, वाकवली तशी राहते. पिनेला याच्या नेमकं उलट हवं: वाकवून सोडली की तार परत आली पाहिजे. तांब्याची तारही याच कारणाने नको.

पितळेची कडक तार मागावी, १८ गेजची. ती साधारण १.२ मिलिमीटर जाड असते. गुंडाळीतून वीतभर तार ओढून थोडी वाकवून सोडून बघा. सरळ उसळली तर घ्या, वाकडीच राहिली तर ठेवून द्या. २० गेज, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, जॉर्जेट-शिफॉनच्या हलक्या ओढणीला पुरते. स्टीलची स्प्रिंगची तार पितळेपेक्षा कितीतरी चिवट असते, पण साधी असेल तर घामाने गंजते, आणि रेशमावर पडलेला गंजाचा डाग सहजी जात नाही. स्टेनलेसची कडक तार मिळाली तर उत्तमच, फक्त बोटांना जोर जास्त लागतो. पहिली पिन पितळेची करा.

बाकी सामान घरातलंच: लांब नाकाची पक्कड, तार तोडायची पक्कड, बारीक कानस, ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर, छोटी हातोडी, आणि ४ मिलिमीटर जाडीचा एक गुळगुळीत खिळा. खिळा व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात, उभा पकडता आला तर काम सोपं होतं. नाहीतर जाड लाकडी ठोकळ्यात ठोकून त्याचं डोकं कापून टाका. माझ्याकडची पक्कड आजोबांची आहे. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात ते शिकले होते आणि हत्यार वापरून झालं की पुसून तेलाचं बोट लावल्याशिवाय डब्यात ठेवत नसत. ती पक्कड अजून कापराच्या वडीसारखा बारीक तुकडाही घट्ट धरते.

वळायची पद्धत

२० सेंटिमीटर तार तोडा. तोडताना सुटं टोक दुसऱ्या हाताने किंवा फडक्याने धरून ठेवा. ते उडतं, आणि थेट डोळ्याकडे येतं. चष्मा असेल तर घाला.

आता तार ताणायची. एक टोक व्हाइसमध्ये किंवा दाराच्या कडीला पक्कं अडकवा, दुसरं पकडीत धरा आणि सावकाश, एकसारखं खेचा. एका क्षणी तार किंचित “दिल्यासारखी” वाटते, तिथेच थांबा. याने तार सुतासारखी सरळ होते आणि थोडी आणखी कडकही होते. पितळ जितकं ओढावं, ठोकावं, वाकवावं तितकं ताठ होत जातं. आणि म्हणूनच चुकून वाकलेली जागा पुन्हा पुन्हा सरळ करत बसू नये. तीन-चार वेळा इकडे-तिकडे केलं की तिथेच तुटते.

पहिल्यांदा आकडा, म्हणजे पिन बंद करताना टोक जिथे अडकतं तो भाग. तारेच्या एका टोकाकडून दीड-दोन सेंटिमीटर भाग पकडीने मागे दुमडून तार दुहेरी करा आणि दोन्ही पदर एकमेकांना चिकटतील असे दाबा. आता टोकाला कापलेली धार न राहता गोल घडी आली. पुढे कापडाचे धागे याच जागी अडकतात, म्हणून ही घडी आळस न करता करायची. सुटं टोक कानशीने घासून मुख्य तारेला भिडवा. दुहेरी भाग लोखंडी तुकड्यावर ठेवून हातोडीने हलके चार-पाच ठोके द्या, चपटा आणि ताठ होईल. आकड्याचं अंतिम वळण आत्ता नको, ते नंतर.

दुहेरी भाग जिथे संपतो तिथून ६ सेंटिमीटर मोजून खूण करा. ही पिनेची पाठ. खुणेची जागा खिळ्याला टेकवा, पाठीची बाजू घट्ट धरा आणि उरलेली लांब तार खिळ्याभोवती दीड वेढा फिरवा. वेढे एकमेकांना लागून, एकावर एक न चढता. दीडच का? एक किंवा दोन पूर्ण वेढे दिले तर दोन्ही दांड्या विरुद्ध दिशांना जातात. दीड वेढ्याने दोन्ही एकाच दिशेला, शेजारी-शेजारी येतात. हात सोडल्यावर वेटोळं थोडं उलगडतं आणि दांड्या फाकतात. तसं झालंच पाहिजे. आकडा वळल्यावर पिनेची दांडी, म्हणजे टोचणारी बाजू, मोकळी असताना आकड्यापासून साधारण दोन सेंटिमीटर वर राहायला हवी. कमी फाकली तर पिन ढिली बसेल. फारच फाकली तर बंद करताना तार कायमची वाकेल आणि उसळी संपेल.

या वेटोळ्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण पिनेचा जीव त्यातच असतो. तार नुसती कोपऱ्यासारखी दुमडली तर प्रत्येक उघडझापीचा सगळा ताण त्या एका ठिपक्यावर येतो आणि थोड्याच दिवसांत ती तिथे मोडते. दीड वेढ्यात तोच वाक अडीच सेंटिमीटर तारेवर वाटला जातो, कुठल्याही एका जागेला फारसं सोसावं लागत नाही. त्यातही पिन बंद करताना वेढा ज्या दिशेने घातला त्याच दिशेने आणखी आवळला गेला पाहिजे, उलगडला जाता कामा नये. वर सांगितल्याप्रमाणे वळलंत तर ते आपोआप साधतं. ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीसमधल्या मायसीनी काळातल्या लोकांनी तीन हजार वर्षांहून आधी वस्त्र खांद्यावर अडकवायला अशाच एका तारेच्या, वेटोळ्याच्या पिना केल्या होत्या. आजच्या सेफ्टी पिनेचं पेटंट वॉल्टर हंट या अमेरिकन कारागिराने १० एप्रिल १८४९ रोजी घेतलं. त्याच्या पेटंटचं नाव होतं ‘ड्रेस पिन’, क्रमांक ६२८१. वेटोळं आणि टोक झाकणारी पकड दोन्ही त्याने एकत्र आणली आणि तो हक्क ४०० डॉलरला विकून टाकला. टाके न उसवणाऱ्या दुहेरी दोऱ्याच्या शिलाई मशीनवरही त्याने १८३०च्या दशकात काम केलं होतं. कापड धरून ठेवणं हा प्रश्न त्याच्या मनात किती मुरला असेल!

आता आकड्याचं वळण. पाठ टेबलावर, पिनेची दांडी वर, अशी पिन समोर धरा. दुहेरी चपटा भाग आधी वरच्या दिशेला, दांडीकडे, काटकोनात उभा करा. मग त्याचा शेंडा छत्रीच्या मुठीसारखा बाजूला वळवून खाली आणा. दांडी खाली दाबून, आकड्याच्या शेजारून सरकवून सोडली की ती स्वतःच्या उसळीने वर जाते आणि मुठीच्या आत बसते. बसताना बारीक “टक्” असा आवाज आला पाहिजे. मुठीचं तोंड फार उघडं ठेवू नका; दांडी जेमतेम आत जाईल एवढंच. खेचाखेचीत पिन सुटते ती नेहमी याच तोंडातून.

टोक सगळ्यात शेवटी करायचं. दांडी आकड्यात बसवून बघा आणि आकड्याच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर राहील एवढी ठेवून बाकी तोडा. मग दांडी बाहेर काढून, फिरवत फिरवत, शेवटचा दीड सेंटिमीटर कानशीने निमुळता करा. पेन्सिलीसारखं आखूड टोक नको, लांब आणि सावकाश बारीक होत जाणारं हवं. नंतर ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर, टोकाच्या दिशेनेच घासत. शेवटी अगदी अणकुचीदार धार किंचित मोडा: कागदावर दोन हलक्या फेऱ्या पुरतात. धारदार टोक कापडाचा धागा कापतं, गुळगुळीत टोक दोन धाग्यांमधून वाट काढतं. जुन्या रेशमी तुकड्यात घालून बघा. कर्र असा आवाज आला किंवा धागा ओढला गेला तर अजून घासायचं आहे.

अंगावर घालण्याआधी तपासणी कराच. पिन रुमालाच्या दुहेरी घडीत लावा, रुमालात पाव किलो साखरेची पुडी बांधा, आणि पिन धरून रुमाल जोरात झुलवा, दोन-तीन मिनिटं. मग पंचवीस वेळा उघडझाप. त्यानंतरही दांडी दोन सेंटिमीटर वर येत असेल तर पिन तयार. फक्त एक लक्षात ठेवा: या पिनेचं टोक बाजारातल्या पिनेसारखं टोपीत झाकलेलं नसतं. तान्ह्या बाळाच्या कपड्यांना, दुपट्याला ती कधीही लावू नका.

लावायची कशी

चांगली पिनही चुकीची लावली की कापड फाडते. भाचीच्या ओढणीचं तेच झालं होतं. पिन ओढीच्या दिशेने उभी लावलेली होती, त्यामुळे सगळा भार वरच्या एका भोकावर आला आणि कापड सरकत आकड्याकडे गेलं. पिन नेहमी ओढीला आडवी लावावी. खांद्यावरून पदर खाली ओढला जातो, म्हणून पिन खांद्याच्या शिवणीला समांतर. मग भार दांडीच्या लांबीवर पसरतो आणि कितीतरी धागे मिळून तो उचलतात.

ब्लाउजचं नुसतं कापड धरू नका, शिवण धरा. तिथे दोन-तीन थर असतात. पदराच्या निऱ्या आधी नीट बसवा, सगळ्यात खालची निरी उचलून दांडी तिच्यात घाला, शिवणीतून काढा, पुन्हा एकदा आत-बाहेर करा आणि मग आकड्यात अडकवा. वरच्या निऱ्या पिनेला झाकतात. टोक गळ्याच्या विरुद्ध बाजूला असू द्या.

पातळ कापड सरकत सरकत वेटोळ्यात शिरतं आणि तिथे चावलं जातं. काढताना ओढलं की फाटलंच. त्यासाठी दांडीत आधी एक छोटा घट्ट मणी ओवून वेटोळ्यापर्यंत सरकवा, कापड त्यापुढे जात नाही. वडोदऱ्याच्या मंगळबाजारात चणिया-चोळीच्या लेससोबत असले मणी सुटे मिळतात. फेल्टची चकतीही चालते. बांधणीच्या किंवा शिफॉनच्या ओढणीला आतून सुती कापडाचा रुपयाएवढा तुकडा ठेवून तो आणि ओढणी एकत्र टोचा. पैठणीच्या जरीतून पिन घालू नका, जर तुटली की सांधत नाही. काठाच्या आतल्या रेशमी भागात, आणि तीही एकाच जागी लावा.

चणियाच्या, म्हणजे गरब्याच्या घागऱ्याच्या, बाबतीत मात्र पिनेवर विसंबू नका. घेरदार, आरसे लावलेला चणिया जड असतो. त्याचं वजन नाडीनेच पेललं पाहिजे. नाडी घट्ट बांधा, गाठीची दोन टोकं नेफ्यात खोचा आणि पिन नेफा व नाडी दोन्हीतून आडवी घाला. तिचं काम गाठ सरकू न देणं एवढंच. ओढणीचं कमरेला खोचलेलं टोक याच पिनेत घेऊ नका, त्याला दुसरी लावा. नाहीतर हात वर गेला की ओढणीबरोबर नेफाही वर खेचला जातो.

घरी आल्यावर, कितीही दमलात तरी, पिना रात्रीच काढा. पितळ घामाने हिरवं पडतं आणि तो हिरवा रंग सकाळपर्यंत कापडात उतरतो. हिरवी पडलेली पिन चिंचेच्या कोळाने घासा, धुऊन अगदी कोरडी करा आणि बंद करून जुन्या फलाटीनच्या तुकड्यात खोचून ठेवा. मोजून ठेवा: लावल्या तितक्या परत आल्या का. काही महिन्यांनी दांडी पूर्वीइतकी उसळत नाहीशी वाटली तर ती हाताने बाहेरच्या बाजूला थोडी फाकवा. असं एकदा करता येतं, फार तर दोनदा. त्यानंतर २० सेंटिमीटर नवी तार तोडा.