होळीच्या आत करून घ्यायची कामं : इंदूरच्या आवारात भाजी, कोंबड्या आणि शेळ्या

राऊ, बिचोली, खंडवा रोड ह्या बाजूला आपल्यातल्या बऱ्याच मराठी घरांचे प्लॉट आहेत, घरामागे थोडीफार मोकळी जागा आहे, आणि थंडी सरली की सगळ्यांच्या डोक्यात एकच येतं की आता भाजी लावू आणि चार कोंबड्या आणू. आणा की, पण माझं एक ऐका, सगळी कामं मे महिना डोळ्यासमोर ठेवून करा. फेब्रुवारी-मार्चमधे आपल्या माळव्यात सगळंच छान उगवतं, पिल्लंही मजेत असतात, आणि मग पारा 40 च्या वर गेला की सावली नाही, पाणी पुरत नाही, चारा महाग, अशी धावपळ होते आणि त्यात मुकी जनावरं हाल सोसतात. म्हणून आधी खड्डा, मग सावली, मग बी, आणि जनावरं सगळ्यात शेवटी.

खड्डा म्हणजे खताचा. इंदुरात राहून खत विकत आणायचं म्हणजे मला खरंच वाईट वाटतं, कारण जगभर ज्याला इंदूर पद्धत म्हणतात ते कंपोस्ट इथलंच आहे. अल्बर्ट हॉवर्ड ह्या इंग्रज शेतीतज्ज्ञ साहेबांनी 1924 ते 1931 ह्या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमधे ते बसवलं, त्यांच्या बरोबरीने यशवंत वाड होते, आणि 1935 साली गांधीजी इंदूरला आले तेव्हा मुद्दाम ते बघायला गेले होते. आपल्याला तेवढा मोठा खड्डा नको, साधारण दोन-अडीच फूट खोल आणि चार-पाच फूट लांब-रुंद पुरे, पण सावलीत आणि पावसाचं पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर. तळाला काड्या-पाचोळा, त्यावर शेण किंवा लेंड्या, त्यावर गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि चिमूटभर चुलीची राख, मग पाणी शिंपडायचं, आणि परत तोच क्रम. एक थर वीतभराच्या आत ठेवा. मुठीत दाबून बघा, हात ओला झाला पाहिजे पण पाणी टपकता कामा नये. पंधरा दिवसांनी एकदा वरखाली करायचं, महिना झाला की दुसऱ्यांदा, दोन महिने झाले की तिसऱ्यांदा, तीन महिन्यांत खत तयार. वास मारतोय म्हणजे ओल जास्त झाली, कोरडा पाला घाला. काहीच गरम होत नाहीये म्हणजे शेण नाहीतर पाणी कमी. घरातला ओला कचरा आपण इंदूरवाले तसाही वेगळाच ठेवतो, तो कचरागाडीला देण्यापेक्षा इथे घाला. कोंबड्यांची ताजी विष्ठा मात्र कधीही थेट झाडाला घालू नका, ती फार गरम असते, मुळं जाळते, आधी खड्ड्यातच जाऊ दे.

मार्च-एप्रिलमधे गहू निघतो तेव्हा गावातून भुसा भरून घ्या, वर्षातला सगळ्यात स्वस्त तेव्हाच मिळतो, नंतर भाव चढतच जातात. शेतकरी ओळखीचा असेल तर नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेला गव्हाचा पेंढा, जाळण्यापेक्षा आम्हाला द्या म्हणून सांगा. हा भुसा शेळ्यांना लागतो, खुराड्यात खाली पसरायला लागतो आणि भाजीच्या वाफ्यांवर दोन-तीन इंच आच्छादन म्हणूनही लागतो. आपली काळी माती उन्हात भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते, आच्छादन केलं की पाणी खूप कमी लागतं.

भाजीचं सांगते. भेंडी, गवार, चवळी, गिलकी (घोसाळी), दोडका, दुधी, काकडी, हे सगळं फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पेरून टाका. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून येऊ आणि मग पेरू असं करू नका, उशिरा पेरलेलं कोवळं रोप लू मधे, म्हणजे उन्हाळ्याच्या गरम झळांच्या वाऱ्यात, सापडतं. भेंडीचं बी रात्रभर भिजवायचं, ओळींत एक फूट आणि दोन रोपांत वीतभर अंतर, दीड-पावणेदोन महिन्यात भेंडी खुडायला येते. पानांच्या शिरा पिवळ्या पडायला लागल्या की ते झाड उपटून लांब टाका, तो रोग पांढरी माशी पसरवते, औषध मारून झाड बरं होत नाही. वेलांना आळी करून प्रत्येकात दोन-तीन बिया, आणि मांडव कोंबड्यांच्या खुराड्यावरच घाला, ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे, मे मधे वेल छपरावर पसरलेला असतो आणि खाली गारवा राहतो. फुलं येतात पण फळ धरत नाही ही तक्रार दरवेळी ऐकते. मादी फुलाच्या मागे बारीकसं फळ असतं, नराच्या मागे नसतं, नर फूल तोडून मादीला हलकेच टेकवायचं. काकडीचं फूल सकाळी उमलतं पण दुधीचं आणि दोडक्याचं संध्याकाळी, त्यामुळे सकाळी दुधीच्या मागे लागून उपयोग नाही. लाल भुंगा दिसला तर सकाळी लवकर तो सुस्त असताना हाताने वेचा, मावा असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि जरासा साबण, उन्हं उतरल्यावर फवारा.

कोंबड्या. पहिल्यांदाच पाळत असाल तर एक दिवसाची पिल्लं नको, दीड-दोन महिन्यांची, लस झालेली आणा. पिल्लंच आणायची असली तर पहिला आठवडा बल्बखाली 35 डिग्रीच्या आसपास ऊब लागते आणि मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी करायची. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय, थर्मामीटरपेक्षा त्यांच्याकडे बघा. कडकनाथ ही काळी कोंबडी तर आपल्या शेजारच्या झाबुआची, काटक आहे, पण अंडी कमी देते आणि अंड्यावर नीट बसत नाही, म्हणून तिची अंडी एखाद्या गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवा, 21 दिवसांत पिल्लं. घरच्या अंड्यांसाठी जबलपूरची नर्मदानिधी ही जात बघा, तिच्यात कडकनाथचं रक्त आहे.

खुराड्यात एका कोंबडीला निदान दोन स्क्वेअर फूट जागा, बसायला आडवे दांडे, आणि जाळी बारीक भोकांची, जमिनीत फूटभर गाडलेली, कारण मुंगूस खालून उकरून येतं. मानमोडी (राणीखेत) ह्या कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगाची लस चुकवायची नाही, ह्यात तडजोड नाही. उरलेली शेव, मिक्चर, खारट काही घालू नका, आणि बुरशी आलेला मका किंवा पेंड तर अजिबात नाही. ऊन वाढलं की अंडी कमी होतात, चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागल्या की लगेच गार पाणी, सावली, आजूबाजूच्या जमिनीवर पाणी शिंपडणं. पाण्याची भांडी सावलीत आणि दोन जागी ठेवा.

शेळी पहिलं वर्ष नीट गेल्यावरच. एकटी शेळी आणू नका, दिवसभर ओरडते आणि खंगते, दोन हव्यात. बांधून पाळायला बारबरी जात चांगली. छपराखाली प्रत्येकीला बारा-पंधरा स्क्वेअर फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट. चारा गव्हाणीत नाहीतर टांगून द्या, जमिनीवर पडलेलं ती तोंडात घेत नाही. शेवगा आणि सुबाभूळ कुंपणाला लावून ठेवा, पण सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नको. कोवळी किंवा पाण्यावाचून सुकलेली ज्वारी आणि कण्हेर, दोन्ही विषारी, कण्हेर शोभेला लावली असेल तर ती काढूनच टाका. ओली बरसीम (हिरव्या चाऱ्याचं पीक) उपाशीपोटी दिली की पोट फुगतं, आधी भुसा, मग बरसीम.

घेताना खालची पापणी ओढून बघा, लालसर गुलाबी हवी, पांढरी असेल तर पोटात जंत आहेत, ती घेऊ नका. गाभण असेल तर पाच महिन्यांचा हिशोब धरा आणि वेत उन्हाच्या कहरात येणार नाही असं बघा. पावसाआधी जंताचं औषध, आंत्रविषाराची (आतड्यातल्या विषबाधेच्या रोगाची) लस, आणि पीपीआर ह्या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची आधी झाली नसेल तर तीही. सरकारी पशुचिकित्सालयात विचारा, महूला तर 1955 पासून व्हेटरनरी कॉलेज आहे, अवघड केस तिथे नेता येते. आणि हे सगळं आणायच्या आधी शेजाऱ्यांशी बोला, नगर निगमच्या हद्दीत असाल तर जनावरं ठेवायला काय नियम आहेत ते झोन ऑफिसात विचारून या.